त्रेचाळिसावी मेंढी

"बेचाळीस," ज्ञानबा म्हणाला. "एक कमी हाय."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर नातेपुत्याच्या माळावर त्याच्या मेंढ्या चरत होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो पंधरा दिवस सोलापूरच्या भवानी पेठेत पोराकडं अडकला होता, आणि कळपावाचून त्याला झोप लागत नव्हती. म्हणून पोरानं, शहाजीनं, रविवारी गावी जाऊन व्हिडिओ काढून आणला आणि वॉलपेपर म्हणून लावून दिला. चाळीस सेकंदांचा. संपला की मेंढ्या परत पहिल्या जागी.

सोलापुरातलं ज्ञानबाला काहीच पटलं नव्हतं. पाण्याला औषधाचा वास, दूध पिशवीतलं. एक रविवारचं मटण तेवढं चांगलं होतं. नवीन दुकान आहे, असं शहाजी म्हणाला होता.

त्याखालोखाल वॉलपेपर पटला. सून दिपाली ऑफिसचं काम उघडायची तेव्हा कळप झाकला जायचा. मग ज्ञानबा शेजारी खुर्ची टाकून ती उठायची वाट बघत बसायचा.

आज सकाळी मात्र त्यानं नीट मोजणी केली. काळतोंडी नव्हती. तिची आई मेल्यावर त्यानं बाटलीनं वाढवलेली. हिला विकायचं न्हाय, कापायचं न्हाय, असं निघताना धाकट्या भावाला, धोंडीरामला, त्यानं तीनदा बजावलं होतं.

शहाजी म्हणाला, ऑपरेशनला आठवडाच झालाय, डोळ्याचा दोष असेल.

"डोळा नवा हाय. मोजणी जुनीच हाय."

मग शहाजी म्हणाला, ती रिसायकल बिनच्या मागं असेल. म्हणजे काय, असं ज्ञानबानं विचारलं. कचऱ्याचा डबा, हे ऐकल्यावर तो पेटलाच. माझी मेंढी कचऱ्याच्या डब्याआड कुणी उभी केली? शहाजीनं डबा बाजूला ओढला. मागं दगड निघाला. मग एकेक करून सगळे आयकॉन हटवले. दिपालीची फाइल सापडेना आणि मेंढीही सापडेना.

"धोंड्यानं विकली," ज्ञानबा म्हणाला. "माझ्या डोळ्याला पट्टी बघून त्यानं डाव साधला."

शहाजीनं घाईघाईनं दुसरा वॉलपेपर लावला. समुद्राचा. ज्ञानबानं थोडा वेळ लाटांकडं बघितलं.

"ह्यात तर एकबी न्हाय."

त्यानं फोन मागितला. शहाजी म्हणाला, काका रानात असेल, रेंज नसेल, संध्याकाळी बघू. पाठच्या भावावर पोलीस केस करीन, पण मेंढी घेईन, असं ज्ञानबानं जाहीर केलं. दिपालीला सासऱ्याची दया आली.

"मामा, माझ्या फोनवरनं लावा की. स्पीकरवर लावून देते."

धोंडीरामनं पहिल्या रिंगलाच उचलला.

"काळतोंडी कितीला विकलीस?" ज्ञानबा म्हणाला. "भाऊ म्हनून इचारतोय. खोटं बोललास तर आपला संबंध संपला."

शहाजी वाकून माऊसची वायर सरळ करू लागला.

"विकतोय कशाला, दादा? रविवारी पहाटं दरडीवरनं पडली. पाय मोडलं, तडफडत हुती, मग काय करनार? शहाजीनं सांगितलं न्हाय व्हय?" धोंडीरामचा आवाज अडखळला. "डबा त्याच्याच हातात दिला की. म्हनला, तू दोनदा वाढून घेतलंस."