मौनाचा नेम

“हे टेबल मोडीत काढू नकोस. कुणीतरी त्यावर काम करत राहू दे,” असं यजमान शेवटच्या आजारपणात म्हणाले होते आणि मी त्यांना शब्द दिला होता.

आज सकाळी सून केतकीनं घरात स्वतःचं ऑफिस मांडायला घेतलं. पर्यावरणपूरक ऑफिस. त्यासाठी बांबूचं टेबल आलं, तेही थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या सात थरांत. पांढरे कण उडून माझ्या ताम्हनातही पडले.

“आई, याच्यासाठी एकही झाड तोडलेलं नाही हं,” ती कौतुकानं म्हणाली. यजमानांच्या सागवानी टेबलाचं झाड तिच्या जन्माआधीच तोडलं होतं. ते आता पुन्हा कोण तोडणार होतं? पण चातुर्मासात दुपारचा नैवेद्य होईपर्यंत माझं मौन असतं.

“जुनं टेबल भंगारवाल्याला देते. तुमचं मौन आहे ना? मग द्यायचं नसेल तर नुसती मान हलवून नाही म्हणा.”

मौनात खुणाही करायच्या नाहीत, हा माझा नेम तिला ठाऊक नव्हता. मी जपमाळ इतक्या जोरात ओढली की दोरा तुटायचाच राहिला. ती क्षणभर थांबली, मग हसली. “थँक्यू, आई. मला वाटलं होतं, तुम्ही अडून बसाल.”

टेबल जिना उतरलं. खाली हातगाडीची चाकं वाजू लागली. नैवेद्याला अजून दीड तास होता. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. चालायचं नाही असं मात्र कुठे ठरलं नव्हतं. माळ गोमुखीत ठेवून मी चपला घातल्या आणि गाडीमागे निघाले.