आठवणीचं कुलूप

हेमांगीबाईंनी डोळे मिटून आपल्या कांदेपोह्यांची सकाळ आठवली आणि फोन उघडला. बोटांचे ठसे, चेहरे, सगळंच चोरीला जाऊ लागल्यापासून फोनला कुलूप असायचं ते कुणालाच न सांगितलेल्या आठवणीचं. ती बोलून दाखवली, की फोन आतल्या फोटोंसकट कायमचा पुसला जायचा.

शेजारी विश्रामराव पडून होते. अलीकडे त्यांना मुलांची नावंही आठवत नसत.

"तुला बघायला आलो, तेव्हा तू का हसलीस गं?" त्यांनी विचारलं.

संसारभर हेमांगीबाईंनी हा प्रश्न टाळला होता. त्यांनी फोटोंवरून एकदा बोट फिरवलं.

"तुम्ही पोह्यांतली मिरची हळूच खिशात टाकलीत, म्हणून."

विश्रामराव डोळे मिटून हसत राहिले. फोन तळहातावर अलगद विझला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

हेमांगीबाईंनी पुन्हा सांगितलं.