शहाणं डोकं

"आधी तुमचं डोकं, मग यांचं," डॉक्टर म्हणाल्या, तशी शालन फणकारली.

"माझं कशाला? इसराळू ते हाईत!"

"तुलनेला त्याच वयाचं, घरातलंच एक शहाणं डोकं लागतं, आक्का."

शहाणं म्हटल्यावर शालन निवळली. सदलग्याहून नवऱ्याला, तवनाप्पाला, बेळगावला आणायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. तपासणीचा हट्ट मात्र त्याचाच. एवढी तरी अक्कल शिल्लक होती म्हणायची!

मशीनमध्ये डोक्याखालची उशी थरथरायला लागली. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसल्यागत तिचे दात कडकडले. ही थरथर मेंदूतून कशी जाते, त्यावरून आतले पांढरे धागे घट्ट आहेत की मऊ पडलेत ते चित्रात दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेरू दाबून बघतात तसंच की, तिला वाटलं.

तवनाप्पाचीही तपासणी झाली. चित्रं निघेपर्यंत शालननं डॉक्टरांपुढं गाऱ्हाणं मांडलं.

"रोज दिवस बुडायच्या आत मी वाढते. जेवत्यात, आन परत चुलीपाशी येऊन बसत्यात. म्हणत्यात, आज जेवाण न्हाय व्हय? तवर दिवस बुडतोय. मग आमच्या जैनात दिवस बुडल्यावर कोण जेवतंय? निजत्यात तसंच. परवा गॅस चालू ठेवून देवळात गेलं. इचारलं तर काय म्हणत्यात?"

"इसरलो गं, मीच इसरलो," तवनाप्पा म्हणाला. सदरा त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. आजारानं माणूस पार वाळला, म्हणून शालनला भडभडून आलं. दोन वर्षं याला येताजाता घालूनपाडून बोललो याची तिला लाज वाटली.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी लावली. एक तांबडंपिवळं. दुसरं मधोमध निळंभोर.

"निळं म्हणजे मऊ. वयाच्या मानानं फारच मऊ पडलंय. आता यांना एकटं सोडायचं नाही."

शालननं नवऱ्याचा हात घट्ट धरला. तिचे डोळे वाहत होते. "भिऊ नगा. मी हाय न्हवं? उद्यापासनं दिस असतानाच सोता भरवीन तुमास्नी."

डॉक्टर तिच्याकडेच बघत होत्या.

"आक्का, निळं चित्र तुमचं आहे."

शालन गर्रकन नवऱ्याकडं वळली. त्यानं मान वर केली नाही.

"तुला सांगायचं," तवनाप्पा म्हणाला, "मीच इसरलो गं."