चित्राची कड

टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरं तरंगत होती. धरणात बुडालेलं गाव संघमित्राने आपल्या वडिलांच्या, आबांच्या, तुटक आठवणींवरून वर्षभर खपून संगणकावर उभं केलं होतं. आज ते आबांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं.

टीव्हीची केबल संगणकाच्या चुकीच्या खाचेत खोचल्याचं लक्षात येताच तिने ती काढून ग्राफिक्स कार्डाला जोडली. पाण्यातून वर यावं तसं गाव हलकेच उजळत आलं. देऊळ, पार, चावडी, वेशीवरची चिंच.

आबांची नजर बराच वेळ गल्ल्यांतून हिंडत राहिली.

“समदं हाय. आपलं घर कुठं गं?”

“आहे आबा, केलंय मी. हा टीव्ही चित्राच्या कडा कापतो, म्हणून दिसत नाही.”

“तवाबी गाव वेशीपाशीच संपायचं,” आबा हसले. “ह्या टीव्हीला कुणी सांगितलं?”

तिने घाईघाईने सेटिंगमध्ये चित्र लहान केलं. अगदी काठावर, वेशीबाहेरच्या वस्तीत, त्यांचं घर उगवलं.

“आता गाव माझ्या हातात आहे, आबा. घर उचलून पाराजवळ ठेवू?”

आबा उठले. आतल्या खोलीकडे जायचं तर पडद्यावरच्या त्या पारासमोरूनच जावं लागणार होतं. पूर्वी वस्तीतल्यांना गावातून जाताना घ्याव्या लागत, तशा त्यांनी पायातल्या सपाता काढून हातात घेतल्या आणि ते अनवाणी निघून गेले.