बंड्यासाठी माणूस

"मी मांजरांत तरबेज आहे," पहिला उमेदवार खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "कुत्रं म्हणजे तरी काय, जरा मोठं मांजरच की हो!"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पायाशी बसलेल्या बंड्याकडे पाहिलं. बंड्याने जांभई दिली.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस. पण बायको गेली आणि मशीन झाकलं, कात्री मिटली, दार लावलं. ते दोन वर्षं लावलेलंच. आज सकाळी लेकीने ते वाजवलं आणि थेट हातात साखळी दिली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा.

"तू कुत्रा कधी पाळलास गं?"

"दोन वर्षं होतील, बाबा. तुम्ही माझ्या घरी आलात कुठे?"

लेक नाटकवाली. पाच वाजता तिची दौऱ्याची गाडी, ती महिनाभर परत यायची नव्हती.

"तीन माणसं येतील. बंड्याला सांभाळायला त्यातलं एक निवडा. नाही मिळालं, तर माझा दौरा बुडाला म्हणून समजा."

"मला कुत्र्यातलं काय कळतं?"

"माणसातलं कळतं ना?" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

मांजरवाल्याला मास्तरांनी वाटेला लावलं.

दुसऱ्या आलेल्या बाई टापटीप होत्या. वही, पेन, कडक इस्त्री. मास्तरांना जरा हायसं वाटलं.

"दिवसातून किती वेळा फिरवाल?"

"फिरवायचं कशाला?" बाईंनी भुवया उंचावल्या. "मी खिडकीशी बांधते. रस्ता दिसला की झालं. तेवढ्यावर भागतं हो. कुणाकुणाचं वर्षानुवर्षं भागतं."

मास्तरांना उगाचच टाचणी टोचल्यासारखं झालं. बाईंना चहासुद्धा विचारला नाही त्यांनी.

"बंड्या, इकडे ये," ते म्हणाले. कुत्रा हलला नाही. "बंड्या! अरे गाढवा, तुलाच म्हणतोय." छे! दोन वर्षांत स्वतःचं नाव माहीत नाही? मास्तर बुचकळ्यात पडले. त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध काळाभोर वाटोळा ठिपका होता, शर्टाला लावल्यासारखा. "ए बटणा," ते सहज पुटपुटले. त्याबरोबर कान उभे, शेपटी सुरू.

तिसरा गडी उंबऱ्यातच शिंकला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"कुत्र्याच्या केसांचं वावडं आहे मला," तो अभिमानाने म्हणाला.

"मग आलात कशाला, भल्या माणसा?"

गडी गोंधळला. काहीतरी विसरल्यासारखा छताकडे पाहत राहिला. मग खिशातून रुमाल ओढून त्याने कोरडंच नाक पुसलं, चौथ्यांदा शिंकला आणि आल्या पावली निघून गेला.

मास्तर डोक्याला हात लावून बसले. आजकाल माणसं मिळतात तरी कुठून असली? चार वाजत आले होते. लेकीचा दौरा बुडणार, आणि तो आपल्यापायी. तेवढ्यात कुत्रा दाराशी जाऊन लाकूड खरवडू लागला, विव्हळू लागला.

"थांब रे बाबा, थांब. चपला तरी सापडू देत."

चपला सापडल्या, धुळीने माखलेल्या. कोपऱ्यापर्यंत म्हणून निघालेली जोडी चौकापर्यंत गेली. वाण्याने गल्ल्यावरून मान उंच करून पाहिलं. "अहो मास्तर! जिवंत आहात होय?"

"या लबाडाला विचार," मास्तर म्हणाले, आणि आपण हसलो हे त्यांना जरा उशिराच कळलं.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. आवाज मुद्दामच चढवला.

"एकही मापात बसत नाही! राहू दे, मीच सांभाळतो. तू तुझी गाडी पकड."

पलीकडून कसलासा आवाज आला. लेक हसतेय की रडतेय, मास्तरांना काही उमगेना.

फोन ठेवताना खुर्चीखाली घडी घातलेला कागद दिसला. शिंकणाऱ्याच्या रुमालातून पडला असेल, पत्ता असेल, परत धाडावा म्हणून त्यांनी तो उलगडला. अक्षर लेकीचं होतं.

"उमेदवार तिसरा : (उंबऱ्यातच शिंकतो. किमान चार वेळा.)

बाबा : (चिडून) एकही मापात बसत नाही! राहू दे, मीच सांभाळतो.

कुत्रा : सकाळी प्राण्यांच्या आश्रमातून आणणे. 'बंड्या' आजच्या प्रयोगापुरतं. खरं नाव बाबाच ठेवतील."