खुंटीवरचा स्वेटर

बायकोचा स्वेटर न्यायला तो तिच्या प्रयोगशाळेत गेला. तिला जाऊन वर्ष झालं होतं; घरातलं तिचं कपाट त्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं, हा तेवढा बाहेर राहिला होता. नमुने थंड ठेवायच्या कोल्डरूममध्ये स्वेटर खुंटीवरच होता. शेजारी तिची विद्यार्थिनी कुडकुडत काम करत होती. तिनं यीस्ट वाढवायच्या दोन काचेच्या बश्या दाखवल्या. "काका, मॅडमचा शेवटचा प्रयोग. दोन्ही यीस्ट उपाशी ठेवली. या बशीतलीनं पेशीतलं स्वतःचंच जुनं सामान बारीक पिशव्यांत भरून नेलं, मोडून खाल्लं, जगली. या दुसरीतलं पिशव्या वाहणारं प्रथिन मॅडमनी काढलं होतं. ती मेली, बशीत काही उगवलंच नाही." "आत सगळं असून?" "सगळं जागच्या जागी." तो त्या दुसऱ्या, रिकाम्या बशीकडे बघत राहिला. मग त्यानं खुंटीवरचा स्वेटर काढून त्या मुलीपुढे धरला. "नको, हात लावला तरी मॅडम ओरडायच्या!" "मलाही ओरडायची. घाल. घरी आणखी चार आहेत, उद्या आणतो."