तीन किलो सातशे

काट्यावर चढताना इन्स्पेक्टरसाहेबांनी दोन्ही हातांनी पायजमा घट्ट धरला होता.

"अठ्ठावन्न किलो दोनशे," सिस्टरनी वाचलं आणि केसपेपर उलटला. मागच्या महिन्यातही अठ्ठावन्न किलो दोनशेच.

या वॉर्डात एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या प्रत्येकाला घरी सोडण्याआधी टीबीसाठी चार प्रश्न विचारत. खोकला? ताप? रात्री घाम? वजन घटलं? पहिल्या तिन्हींना साहेबांनी "नाही, नाही, नाही" असं एका दमात उत्तर दिलं होतं. चौथा प्रश्न मात्र काट्याला विचारायची पद्धत होती. एकाला जरी 'हो' आलं, तरी थुंकीची तपासणी आणि निकाल येईपर्यंत मुक्काम. साहेबांना उद्या घरी जायचं होतं. परवा लेक बाळाला घेऊन येणार होती, आणि नात त्यांनी अजून फोनवरच पाहिली होती.

"आठ दिवस इथलं जेवून शंभर ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे नाहीत?" सिस्टर म्हणाल्या. "साहेब, हात वर करा पाहू."

साहेबांनी क्षणभर विचार केला. हात वर गेले असते तर पायजमा खाली आला असता. चौतीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या माणसाला, काय उघडं पडलेलं जास्त परवडेल, हे चटकन कळतं. त्यांनी डाव्या खिशातून दोन किलोचं पितळी वजन काढून टेबलावर ठेवलं. उजव्या खिशातून एक किलोचं. त्यामागून पाचशेचं. शेवटी सदऱ्याच्या खिशातून दोनशेचं.

निवृत्त होताना कचेरीने भेट दिलेला संच होता तो.

"मला म्हणाले, एकदा डोळे भरून बघायचीत, घेऊन ये," स्टुलावर बसलेली बायको म्हणाली. "मला वाटलं, शेवटची इच्छा की काय!"

"पण इतकं नेमकं जमवलंत कसं?" सिस्टरनी विचारलं.

"काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा एकदा चढून पाहिलं. चोपन्न पाचशे. कमी पडलं तेवढं खिशात घातलं." साहेबांनी घसा साफ केला. "ग्राहकाचं कुठंही नुकसान नाही."

"ग्राहक महिन्याची आहे. परवा तिच्या तोंडासमोर खोकणार ना तुम्ही?"

खोकला 'नाही' असं सांगितल्याचं साहेबांना आठवलं असावं, कारण नेमका तेव्हाच तो आला.

खोकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि टीबी निघाला तर?"

"तर औषध आहे. नऊ वर्षांत एचआयव्हीची एक गोळी चुकवली नाहीत, ही कशी चुकवाल? डॉक्टर 'हो' म्हणाले की मग घ्या नातीला. नाही निघाला, तर निकाल हातात घेऊन ऐटीत घरी जा."

"आधी मी काटा तपासणार."

नोकरीत साहेबांनी हजारो काटे तपासले होते. प्रत्येक वेळी, काटा खरा निघावा, अशी त्यांची इच्छा असे आणि ती क्वचितच पुरी होई. आज पहिल्यांदाच काटा खोटा निघावा असं त्यांना वाटत होतं. पायजम्याची नाडी आवळून ते खाली वाकले आणि एकेक वजन काट्यावर ठेवत गेले. दोन. तीन. साडेतीन. तीन सातशे.

आकडा जिथं थांबायला हवा, तिथंच थांबला. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. इच्छा मोडल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

"खरा आहे," ते म्हणाले. "द्या ती थुंकीची डबी."

"अगंबाई!" बायको स्टुलावरून उठून आकड्याकडे बघत होती. "लेक कालच सांगत होती, बाळ अगदी एवढंच भरलंय. तीन सातशे."

साहेबांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग चारही वजनं उचलून डाव्या हाताच्या कोपरात एकेक करून नीट बसवली आणि हात जरासा हलवून पाहिला.

"अहो," बायको म्हणाली, "मानेखाली हात धरा."